जयपूर संपवणारे साडूभाऊ

माझ्या साडूंइतका माणसांचा हावरा माणूस मी उभ्या जन्मात दुसरा पाहिला नाही. कुणाला गोडाची हाव असते, कुणाला जमिनीची, कुणाला व्यासपीठावरच्या खुर्चीची. ह्यांना माणसं लागत. ताट वाढून पुढ्यात आलं आणि पंगतीला आणखी कुणी नाही असं दिसलं, की हे गृहस्थ उठायचे, चपला घालायचे आणि रस्त्यावरून कुणाला तरी धरून आणायचे. ‘तुमी बसा, मी माणूस घेऊन येतो,’ हे ते इतक्या सहज म्हणत की तितक्या सहज मी कोपऱ्यावरून दहीसुद्धा आणत नाही. मी विमा कंपनीत दावे तपासायच्या खात्यात नोकरी केली. त्या कामात माणूस मुळातच संशयी होतो. समोरच्याचं घर जळालं असं ऐकलं तरी आधी ‘कशावरून?’ असंच मनात येतं. असा मी, आणि असे ते. आम्हा दोघांना एका ओसरीवर आणून बसवायचं काम आमच्या सासऱ्यांच्या दोन मुलींखेरीज कुणाला जमलं नसतं.

दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं तेव्हा माझी पुण्याहून जयपूरला बदली झाली. ऑफिस शहराच्या सी-स्कीम नावाच्या भागात होतं. साडू जयपुरात वीसेक वर्षं मुरलेले. मूळचे अमरावतीचे, बँकेत नोकरी. बढती घेतली तर बदली होईल म्हणून त्यांनी प्रत्येक बढती हात जोडून परत पाठवली होती. शेवटी बँकेनं स्वेच्छानिवृत्तीची योजना काढली तेव्हा बँकेला आणि त्यांना दोघांनाही सुटल्यासारखं वाटलं. बोलणं अस्सल वऱ्हाडी. वाक्याच्या शेवटी ‘जी’ लावायची सवय ते घरूनच घेऊन आले होते, आणि जयपुरात तर पानवाल्यापासून कलेक्टरपर्यंत सगळेच ‘जी’ लावतात, त्यामुळे हे गाव आपल्यासाठीच वसवलंय अशी त्यांची समजूत झाली होती. मराठी मंडळाच्या गणपतीत मी चारचौघांना ‘हे माझे साडू’ अशी त्यांची ओळख करून दिली आणि तिथून ते अख्ख्या मंडळाचे साडूभाऊ झाले. दूधवाला, भाजीवाला, शेजारचे अग्रवाल ह्यांनी त्याचं ‘साढूजी’ केलं. माझी थोरली मेव्हणी, म्हणजे त्यांची पत्नी, हिला आम्ही ताई म्हणतो. ताईंचा स्वभाव शांत, पण जीभ धारदार. त्या म्हणाल्या, ‘माझ्या आईला एवढ्या मुली होत्या हे मला जयपुरात येऊन कळलं.’

मराठी माणूस हुडकून काढायची साडूभाऊंची स्वतःची पद्धत होती. बदली होऊन येणारी बिऱ्हाडं आपल्या स्कूटरी रेल्वेनं सोबत आणत, आणि नंबरपाटी बदलायचा कंटाळा तर आपल्याकडे सगळ्यांनाच. त्यामुळे जयपूरच्या रस्त्यावर ‘एमएच’ दिसलं की साडूभाऊ हातातलं काम टाकून त्या गाडीच्या मागे लागत. एकदा ते मला स्कूटरवरून स्टेशनवर पोचवायला निघाले होते. टोंक रोडच्या सिग्नलला आमच्यापुढे एक स्कूटर उभी, तिच्यावर अमरावतीचा नंबर. सिग्नल सुटला, ती स्कूटर दक्षिणेला लागली आणि आम्हीही लागलो. स्टेशन पार उलट्या दिशेला. मी म्हणतोय, ‘साडूभाऊ, माझी गाडी!’ आणि ते म्हणतायत, ‘थांबा ना जी, गावचा माणूस चालला!’ दुर्गापुऱ्यापर्यंत पाठलाग झाला. पुढचा माणूस आरशात बघून बघून अर्धा झाला होता. शेवटी त्यानं एका दुकानापुढे स्कूटर घातली आणि हात जोडून उभा राहिला. निघाला सिंधी कापडवाला. स्कूटर त्यानं कुणा बदलून गेलेल्या मराठी साहेबाकडून जुनी घेतली होती. आता तरी सुटका होईल असं मला वाटलं. साडूभाऊंनी जरा विचार केला आणि म्हणाले, ‘स्कूटर तो अमरावती की है ना? फिर इतवार को खाना खाने आना.’ आणि तो आला! पुढे कितीतरी वर्षं दिवाळीला त्याच्याकडून मिठाईचा डबा येत असे. माझी गाडी अर्थातच चुकली.

नवा माणूस हाती लागला की साडूभाऊ त्याला हवामहाल दाखवत नसत, आमेरचा किल्लाही दाखवत नसत. ‘ते काय, कोणीही दाखवते,’ असं म्हणून ते किल्ले निकालात काढत. पहिल्याच रविवारी संध्याकाळी त्याला स्कूटरवर मागे बसवायचे आणि म्हणायचे, ‘चला, जयपूर संपवून येऊ.’ टोंक रोडनं सरळ दक्षिणेला निघायचं. हळूहळू घरं विरळ होत, मग मोहरीची शेतं लागत, आणि एके ठिकाणी बाभळीखाली चहाची थडी येई. आपल्याकडच्या टपरीला जयपुरात थडी म्हणतात. तिथं स्कूटर लावून ते हात पसरत आणि सांगत, ‘हे पाहा. इथी जयपूर संपलं.’ थडीवाला त्यांच्या जुन्या ओळखीचा. तो मागच्या माणसाकडे बघून विचारी, ‘साढूजी, नए आए हैं?’ साडूभाऊ ‘हाँ जी, नए हैं’ म्हणाले की नव्या माणसाचा चहा फुकट, असा त्या दोघांचा ठराव होता. परक्या गावात बायकोमुलांना घेऊन उतरलेला माणूस आतून भेदरलेला असतो. हे शहर काही अक्राळविक्राळ नाही, एका संध्याकाळी संपतं, वर चहा मिळतो, एवढं कळलं की त्याच्या जिवात जीव येतो. माझ्या आला होता, म्हणून सांगतो.

अडचण एवढीच होती की जयपूर एका जागी संपायला तयार नव्हतं. साडूभाऊ अमरावतीहून आले तेव्हा ते टोंक फाटकापाशी संपत होतं म्हणे. माझ्या वेळी ते सांगानेरच्या पुढे जाऊन संपलं. माझ्यानंतर दोन वर्षांनी आलेल्या एका इन्शुरन्सवाल्याला ते दाखवायला निघाले तर जुन्या जागी बाभळही नाही आणि थडीही नाही, नुसता पत्र्याचा कुंपणवजा पडदा आणि त्यावर पोहण्याच्या तलावाचं चित्र. जागेला भाव आला की थडीवाल्याला उठवत, आणि तो आणखी पुढे जाऊन दुसरी बाभळ शोधत असे. साडूभाऊ चिडत नसत, पण शहरानं आपल्याला न विचारता हे करायला नको होतं असा भाव त्यांच्या चेहऱ्यावर उमटे. ‘मागच्या साली इथी संपून राहिलं होतं,’ असं ते खालच्या आवाजात म्हणत आणि स्कूटर पुढे काढत.

तेव्हा ते बापूनगरात राहत, एका जुन्या बंगलीच्या वरच्या मजल्यावर, भाड्यानं. खोल्या तीनच, पण गच्ची अवाढव्य. त्या गच्चीवर काय झालं नाही! कोजागरी झाली, हळदीकुंकू झालं, रेल्वेत असलेल्या नागपूरच्या कुटुंबाची बुद्धपौर्णिमेची खीर झाली. संक्रांतीला तर जयपूर सबंध गच्चीवरच असतं. आमची पोरं सकाळपासून तिथं. ‘साडूकाका, मतलब आज खाली यायचंच नाही ना?’ ही त्यांची मराठी. साडूभाऊंना पतंगातलं काडीचंही कळत नसे. मांजा गुंडाळायला दिला तर ते स्वतःच त्यात गुंडाळले जात. पण कुणाचाही पतंग कटला की ‘वो काट्टाऽऽ’ ही पहिली आरोळी त्यांची. एकदा आमच्याच मुलाचा पतंग कटला तेव्हाही त्यांनी ती इतक्या आनंदानं ठोकली की मुलगा रडायला लागला. मग त्याची समजूत काढायला त्यांनी पलीकडच्या गच्चीवरच्या कटवणाऱ्यालाच जेवायला बोलावलं.

पुढे मात्र ह्या गच्चीवरच्या सतरंज्या कमी उलगडू लागल्या. कारण कुणाचं भांडण नव्हतं. शहर फुगत चाललं होतं आणि नवं येणारं बिऱ्हाड मिळेल तिथं, म्हणजे लांब लांब, घर घेत होतं. एक झोटवाड्याला, एक वैशालीनगरला, एक मानसरोवरला. बापूनगरला यायचं म्हणजे तासभर गाड्यांच्या धुरात. ‘पुढच्या वेळी नक्की’ असे फोन येऊ लागले. एका कोजागरीला ताईंनी नेहमीच्या मापानं दूध आटवलं आणि आम्ही चौघंच होतो. साडूभाऊ जिन्याच्या तोंडाशी जाऊन पुन्हा पुन्हा खाली बघत होते. उरलेलं दूध त्यांनी रस्त्यावरच्या चौकीदाराला, मग घरमालकांना, मग एका रिक्षावाल्याला पाजलं. पण त्या रात्रीपासून त्यांच्या डोक्यात काहीतरी शिजायला लागलं होतं, हे मला दिसत होतं.

ते शिजून बाहेर पडलं चाकसूच्या वाटेवर. टोंक रोडनंच आणखी दक्षिणेला असलेल्या चाकसू गावी शीतलामातेची मोठी जत्रा भरते, त्या दिवशी आदल्या दिवशी केलेलं थंड जेवायचं असतं. ताईंना आणि माझ्या बायकोला ती पाहायची होती. जीप केली, गेलो, थंड पुऱ्या खाल्ल्या, परत निघालो. वाटेत, ज्या ठिकाणी त्या सुमाराला जयपूर संपत होतं त्याच्याही पुढे, माळावर एक चकचकीत ऑफिस दिसलं. वर वसाहतीचं नाव. त्यात ‘रॉयल’ही होतं आणि ‘ग्रीन्स’ही होतं. प्रत्यक्षात आजूबाजूला फक्त वाळू होती. साडूभाऊंनी जीप थांबवली. आत काचेखाली सगळ्या वसाहतीची प्रतिकृती मांडलेली होती. उंच भिंत, फाटक, इमारती, प्लॅस्टिकची झाडं आणि मुंगीएवढी प्लॅस्टिकची माणसं. साडूभाऊ वाकून त्या माणसांकडेच बघत राहिले. ‘ये लोग कौन हैं?’ त्यांनी विचारलं. टायवाला विक्रेता म्हणाला, ‘सर, ये रेसिडेंट्स हैं.’ ‘बैठते कहाँ हैं?’ ‘सर, क्लब हाउस में.’ ‘और एक-दूसरे के घर?’ ह्या प्रश्नाचं उत्तर त्याच्या माहितीपत्रकात नव्हतं. साडूभाऊ ताठ झाले आणि आपल्या खास वऱ्हाडी हिंदीत म्हणाले, ‘हमको सात घर होना. एक के बाजू में एक.’

सात म्हणजे त्यांचं, आमचं आणि मंडळातली आणखी पाच बिऱ्हाडं. पुढचे काही महिने ह्या माणसानं आम्हा सगळ्यांचा पिच्छा पुरवला. ‘सारे एका जागी राहू जी. दार उघडलं का माणूस,’ हे ते अशा डोळ्यांनी म्हणत की नाही म्हणायची सोय नसे. शेवटी सगळे तयार झाले. मग कुणी कुठल्या फ्लॅटमध्ये राहायचं हेही त्यांनीच ठरवलं. पहाटे रियाज करणाऱ्या बँकवाल्यांच्या समोर ऐकायला कमी येणारे इन्शुरन्सवाले. ज्यांच्या घरी नेहमी विरजण असतं त्यांच्या शेजारी ज्यांचं नेहमी संपतं ते. मला त्यांनी स्वतःच्या भिंतीला भिंत लावून घेतलं, कारण, ‘तुमी घुम्मे आहात, तुमाले नजरेखाली ठेवा लागते.’ आम्ही त्यांच्या गच्चीवर चिवडा खात ह्या वाटणीवर भांडलो, हसलो, आणि एक साधी गोष्ट कुणाच्याही ध्यानात आली नाही. साडूभाऊ सोडले तर आम्ही सगळे बदलीची माणसं होतो. कुणी बँकेत, कुणी केंद्र सरकारात, कुणी रेल्वेत. तीन-चार वर्षांनी बिऱ्हाड पाठीवर टाकणं हेच ज्यांचं आयुष्य, त्या लोकांनी अजून पाया न खणलेल्या इमारतीत शेजारी निवडले! एवढी शिकलीसवरलेली माणसं, पण त्या गच्चीवर बसलं की आपण इथलेच आहोत असं वाटायचं. मीही त्यातच. सगळ्या जगावर संशय घेणाऱ्या माणसाला स्वतःच्या बदलीचा संशय आला नाही.

इमारत चढू लागली. दर रविवारी साडूभाऊ डबा घेऊन साइटवर जात, डोक्यावर पिवळं हेल्मेट घालून ओल्या भिंतींवर स्वतः पाणी मारत. गवंड्यांशी त्यांची इतकी गट्टी जमली की बिल्डरचा इंजिनियर त्यांना मुकादम समजून कामाचं विचारू लागला. इकडे मजला चढायचा आणि तिकडे एकाची ऑर्डर निघायची. आधी रेल्वेचे नागपूरवाले भुसावळला गेले, मग रियाजवाले लखनौला. नंतर विरजणवाले गेले आणि मागोमाग ज्यांचं विरजण संपायचं तेही गेले. प्रत्येकाला साडूभाऊ स्टेशनवर पुऱ्यांचा डबा देत आणि सांगत, ‘जा, पण ताबा मिळाला का चावी माझ्याजवळ ठेवा. येणं होतेच.’ ‘येणारच’, असं प्रत्येकजण म्हणायचा. मीही गाडीच्या खिडकीतून तेच म्हणालो. मी भोपाळला गेलो तेव्हा इमारतीला रंग लागत होता.

ताबा मिळाला तेव्हा सातांपैकी एकच बिऱ्हाड राहायला गेलं. मी फोनवर म्हणालो, ‘साडूभाऊ, बापूनगरातच राहा ना, घाई काय आहे?’ तर बापूनगर उरलं नव्हतं. घरमालकांच्या मुलांनी बंगली पाडून चार मजली फ्लॅट काढायचे ठरवले होते. शहर वाढलं ते नुसतं कडेनं नाही, ह्यांच्या पायाखालूनही वाढलं. माणसांसाठी एवढा खटाटोप केलेला हा माणूस ताईंना घेऊन माळावरच्या त्या रिकाम्या इमारतीत राहायला गेला, तेव्हा मला भोपाळात दोन दिवस जेवण गेलं नाही, हे खरं सांगतो.

तिथल्या गमती ताई फोनवर सांगत. फाटकावर एजन्सीचे शिपाई होते, ते सारखे बदलत. नवा शिपाई साडूभाऊंनाच अडवी. ‘किससे मिलना है?’ साडूभाऊ म्हणत, ‘मुझसे ही मिलना है जी. देखो जरा, घर पे हूँ क्या?’ शिपाई इमानदारीनं इंटरकॉम लावी. ताई म्हणत, ‘साहब घर पे नहीं हैं.’ शिपाई सांगे, ‘घर पे नहीं हैं.’ ‘फिर रुकता हूँ,’ असं म्हणून साडूभाऊ त्याच्या बाकावर बसत आणि तासभर त्याच्या गावाकडची, पोराबाळांची चौकशी करत. भाजीवाल्याला आत यायला बंदी, गच्चीला कायमचं कुलूप, क्लब हाउसमध्ये चिटपाखरू नाही. एका संक्रांतीला त्यांनी गच्चीची किल्ली मागितली. ‘नियम नहीं है, अंकल,’ असं उत्तर मिळालं. सगळं जयपूर गच्चीवर आणि साडूभाऊ खाली गाड्यांच्या जागेत मान वर करून उभे. तिथूनही त्यांनी ‘वो काट्टा’ म्हणून पाहिलं म्हणे. रिकाम्या इमारतींत आवाज घुमला आणि परत आला. हे सांगताना ताई हसत होत्या, पण नेहमीसारख्या नाही.

सहा रिकाम्या घरांच्या चाव्या त्यांच्या कमरेला. सकाळी ते प्रत्येक घराच्या खिडक्या उघडायला जात आणि दिवेलागणीला प्रत्येक घरात जाऊन एकेक दिवा लावत. ‘रिकाम्या घरात अंधार बरा नाही दिसत,’ म्हणत. ताईंना त्यांना जेवायला बोलवायचं असलं तर ते कुठल्या घरात आहेत हे ठाऊक नसे. मग ताई इंटरकॉमवरून एकेक घर लावत. आधी रियाजवाल्यांचं, मग विरजणवाल्यांचं, मग आमचं. एकामागून एक रिकाम्या घरांत घंटा वाजत जाई आणि कुठल्यातरी घरातून उत्तर येई, ‘येऊन राहिलो.’ दिवाळीला पतंगवाल्यांकडून कागद आणि कामट्या आणून त्यांनी सात आकाशकंदील केले आणि सातही गॅलऱ्यांत टांगले. टोंक रोडवरून जाणाऱ्या बसमधली माणसं वळून बघायची म्हणे.

मला ते कंदील दिसले दोन-तीन वर्षांनी. मी निवृत्तीला आलो होतो. मुलगा पुण्यात, बायकोचे गुडघे दुखरे, पुण्यात घर घ्यायचं ठरलं आणि जयपूरचा फ्लॅट विकायला काढला. सातांतलं विकलं जाणारं पहिलं घर माझं. हे त्यांना फोनवर सांगायचा धीर झाला नाही, म्हणून मी स्वतः गेलो. दिवाळी होऊन गेली होती, तुळशीचं लग्न व्हायचं होतं. संध्याकाळी टॅक्सीतून लांबूनच ओळीनं सात कंदील दिसले. क्षणभर मला खरंच वाटलं, की सगळे परत आलेत आणि आपण तेवढे उरलोय. वर गेलो तर साडूभाऊ माझ्याच घरात होते, दिवा लावत. स्वयंपाकघरात मीठ, तेल, चहासाखर, चार कप. ‘केव्हाही आले तर चहा झाला पायजे,’ ते म्हणाले. मी त्यातला एक कप उचलला आणि परत ठेवला. मग त्यांनीच विचारलं, ‘गिऱ्हाईक लागलं का जी?’

त्यांना कळलं होतं. शिपायानं सांगितलं होतं, कोण कोण बघून गेलं ते. मी म्हणालो, ‘चौमू गावचे बियाण्यांचे व्यापारी आहेत. मुलं इथं सीतापुऱ्याच्या कॉलेजात शिकतात.’ त्यांनी एकच प्रश्न केला. ‘घरात माणसं किती?’ मी सांगितलं, आईवडील, दोघं भाऊ, बायका, मुलं. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. आधी पडला, मग हळूहळू त्यावर जुनी हाव आली. ‘बरीच आहेत की,’ ते म्हणाले आणि त्यांनी कमरेच्या जुडग्यातून माझी चावी काढायला घेतली. कडी घट्ट होती, निघता निघेना. मी मदतीला हात पुढे केला तर त्यांनी तो बाजूला केला. चावी निघाल्यावर म्हणाले, ‘मीठ-तेल असू द्या. नव्या माणसाले पहिल्या दिवशी लागते.’ ताई दारात उभ्या होत्या. त्यांनी आत येऊन चारही कप विसळून पालथे घातले. त्यापेक्षा मला त्यांचं बोलणं परवडलं असतं.

दुसऱ्या दिवशी सह्या झाल्या. मी रात्रीच्या गाडीनं निघणार होतो. संध्याकाळी साडूभाऊंनी खालून हाक मारली. बघतो तर तीच जुनी स्कूटर झाडून पुसून उभी. ‘बसा,’ ते म्हणाले. ‘कुठं?’ ‘बसा तर.’ मागे बसलो. वाटलं, बाजारात काहीतरी आणायचं असेल. पण स्कूटर शहराकडे न वळता दक्षिणेला लागली. वय झालं होतं, तरी वेग तोच. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भिंती, फाटकं, पाट्या, पोहण्याच्या तलावांची चित्रं. आपण चाकसूला पोचतो की काय असं वाटायला लागलं तेव्हा एकदाची मोहरी दिसली, मग बाभळ, आणि बाभळीखाली ती थडी. थडीवाला पार पिकला होता. साडूभाऊंनी हात पसरले. ‘हे पाहा,’ ते म्हणाले, ‘इथी जयपूर संपलं.’ मला हसू येत होतं. मी म्हणालो, ‘अहो साडूभाऊ, मला कशाला? मला पहिल्याच रविवारी दाखवलंत तुम्ही.’

थडीवाल्यानं माझ्याकडे निरखून पाहिलं, पण त्याला ओळख पटली नसावी. पातेल्यात आलं टाकत त्यानं विचारलं, ‘साढूजी, नए आए हैं?’

साडूभाऊ एवढंच म्हणाले, ‘हाँ जी. नए हैं.’

मग माझ्याकडे न बघता, माळाकडे बघत म्हणाले, ‘घर विकलं का माणूस नवा होते जी. पहिल्यापासून सुरू करा लागते.’ त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. दोन्हींपैकी काहीतरी असतं तर मी भांडून मोकळा झालो असतो. मी खिशात हात घातला तर थडीवाल्यानं मान हलवली, नव्या माणसाचा चहा फुकट.

परतताना अंधार पडला होता. साडूभाऊंनी स्कूटर हळू चालवली आणि नव्या माणसाला सांगावं तसं सगळं सांगत आले. हा रस्ता चाकसूकडून येतो, हे कारखाने, तिकडे सांगानेर, तिथं भाजी स्वस्त. वसाहतीच्या फाटकाजवळ त्यांनी स्कूटर थांबवली आणि बोट वर केलं. ‘तिथी मी राहतो. वरचे कंदील दिसून राहिले ना? त्यातल्या तिसऱ्या घरी चौमूचे लोक येणार हाय. मोठं घर हाय त्यांचं, पुष्कळ माणसं. चांगले असतील.’ मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून मान वर केली आणि तिसरा कंदील कुठला ते शोधू लागलो.